विणकामाची सुई

"मान खाली घाल."

मी घातली. निगडेबाईंची विणकामाची सुई माझ्या कानामागून वर चढली, भांगाच्या कडेनं सरकत गेली आणि उजवी वेणी जिथं सुरू होते तिथं येऊन थांबली. सोमवारच्या पहिल्या तासाला वर्गात इतकी शांतता असायची की सुई थांबल्याचं शेवटच्या रांगेलाही कळायचं. ती फिरत राहिली की बाई 'छान' म्हणायच्या आणि पुढच्या मुलीकडे वळायच्या. थांबली की काहीच म्हणायच्या नाहीत. सुईच्या टोकानं फक्त मागचा बाक दाखवायच्या.

मी दप्तर उचललं. मागून कुणीतरी जिभेनं 'टच्' असा आवाज काढला. दोन नखांत ऊ चिरडली की येतो तसा. बाईंनी तो ऐकला, पण वर बघितलं नाही.

मी तेव्हा सातवीत होते. शुक्रवारच्या बाजाराचं आमचं गाव, मुलींची एकच शाळा, आणि त्या शाळेत निगडेबाईंसारख्या बाई दुसऱ्या नव्हत्या. मराठी आणि शिवण शिकवायच्या. त्यांच्या साडीला चंदनाच्या साबणाचा वास यायचा. धडा वाचून दाखवायला लागल्या की पंख्याचा खडखडाटसुद्धा ऐकू यायचा नाही. आणि त्यांचा अंबाडा! नारळाएवढा, काळाभोर, वर अबोलीचा गजरा. वर्गातल्या निम्म्या मुलींनी मोठेपणी असाच अंबाडा घालायचं ठरवून ठेवलं होतं, त्यात मीही होते. तपासणी चालू असताना मधेच फळ्यावर काही लिहायचं झालं तर बाई ती निळी सुई अंबाड्यात खोचायच्या, सुतार कानावर पेन्सिल ठेवतो तशी, आणि लिहून झालं की काढून पुन्हा पुढच्या डोक्याकडे वळायच्या. ते मला इतकं ऐटबाज वाटायचं की घरी मी माझ्या वेणीत फूटपट्टी खोचून बघितली होती.

हातानं त्यांनी कुणाच्या डोक्याला कधी स्पर्श केला नाही. किळस येते, असं त्या स्पष्टच सांगायच्या.

मागचा बाक खिडकीला लागून होता आणि खिडकीमागे संडास. वारा फिरला की वर्गात आधी आम्हाला कळायचं. तिथं बसणाऱ्या मुलींची रिबीन खाली पडली तर कुणी उचलून द्यायचं नाही. कंपासपेटी पुढं सरकवायची झाली तर पेन्सिलीनं ढकलायच्या. डबा खाताना आमच्याभोवती आपोआप रिकामं वर्तुळ तयार व्हायचं. मला स्वतःचीच शिसारी यायची. वरण-भात कालवताना भातातलं प्रत्येक शीत हलतंय असं वाटायचं आणि घास तोंडातच फिरत राहायचा.

त्या वेळी गॅदरिंग जवळ आलं होतं. आमच्या वर्गाचा मंगळागौरीचा नाच होता आणि मधोमध फुगडी घालायला बाईंनी मला निवडलं होतं. माझ्यासारखी फुगडी शाळेत कुणाची नव्हती. मी फिरायला लागले की समोरचीचे पाय उचलले जायचे. आईनं तर शेजारच्या काकूंची नऊवारी मागून, धुऊन, घडी करून ठेवली होती. त्या सोमवारी तास संपल्यावर बाईंनी मला टेबलापाशी बोलावलं. एक पाऊल मागं सरकून, पण गोड आवाजात म्हणाल्या, डोकं स्वच्छ करून आलीस तर तुझी जागा तुला. गॅदरिंगच्या आधीच्या सोमवारी सुई थांबली, तर मात्र डॉक्टर शहाण्यांची केतकी. इतर मुलींच्या डोक्याला डोकं लागतं ना नाचात, म्हणाल्या, मला सगळ्यांचं बघावं लागतं.

मला ते अगदी पटलं.

घरी आईनं दप्तर माझ्या हातातून घेता घेताच ओळखलं. आण्णांचं, माझ्या वडिलांचं, वेल्डिंगचं दुकान होतं, तिथून तिनं वाटीभर रॉकेल आणवलं. माझं डोकं रॉकेलनं भिजवून वर फडकं बांधलं आणि चुलीपासून लांब बस म्हणून दटावलं. त्यानं डोक्याची आग झाली, उवा काही गेल्या नाहीत. मग सीताफळाच्या बिया. पाट्यावर वाटून तिनं त्याचा काळपट लगदा माझ्या केसांना थापला. वास असा की कुजलेल्या पानांत तोंड खुपसल्यासारखं वाटावं. धुताना एक ओघळ डोळ्यात गेला. मी अंगणभर किंचाळत पळाले. पुढचे कितीतरी दिवस माझा डोळा टोमॅटोसारखा लाल आणि पापण्या चिकटलेल्या, सकाळी कोमट पाण्यानं सोडवायला लागायच्या. आई तेव्हा स्वतःवरच चिडली होती. भांडी आपटत होती आणि माझ्याशी बोलत नव्हती.

शेवटी ती मला चौकातल्या सलूनमध्ये घेऊन गेली. पोरगी बसलीय म्हणून सलूनवाल्यानं शटर अर्धं खाली ओढलं. माझे कमरेपर्यंतचे केस खाली पडताना मी समोर भिंतीवर चिकटवलेल्या हिरोंकडे बघत राहिले. आईनं ते केस वर्तमानपत्रात गुंडाळून घरी आणले आणि बंबात टाकले. तडतड आवाज आला. जळक्या केसांचा वास घरात रात्रभर होता. उरलेल्या बोटभर केसांतून तिनं फणी फिरवली, पुन्हा फिरवली, पांढऱ्या पंच्यावर झटकली. काही पडलं नाही.

"गेली ब्याद," ती म्हणाली आणि मग पंचा तोंडाला लावून रडली. माझ्या केसांसाठी रडतेय हे मला तेव्हा कळलं नाही.

पुढच्या सोमवारी सुई माझ्या डोक्यावरून सपासप फिरली. फिरायला होतंच काय. "छान," बाई म्हणाल्या. मी पुढच्या बाकावर गेले.

शनिवारी नऊवारी नेसून तालीम होती. बाकीच्या मुलींना पटांगणात पाठवून बाईंनी मला शिवणाच्या खोलीत थांबवून घेतलं आणि दाराला कडी लावली. मला स्टुलावर बसवलं. एवढ्याशा केसांवर खोपा बसायचा कसा, याचा विचार करत थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. मग माझ्याकडे पाठ करून भिंतीकडे तोंड केलं, दोन्ही हात वर नेले. एकेक आकडा काढून दातांत धरत होत्या. अबोलीचा गजरा टेबलावर पडला. मागोमाग अंबाडा सैल झाला, आणि सबंध अंबाडा त्यांच्या हातात आला.

गंगावन होतं. केसांचा खोटा शेपटा.

बाई वळल्या तेव्हा बुटक्या दिसत होत्या. त्यांच्या मानेवर करंगळीएवढी वेणी होती, मुळाशी पांढरी.

"लहानपणी टायफॉइड झाला होता मला," त्या म्हणाल्या. "तेव्हापासून हे असं. कुणाला सांगायचं नाही हं, चित्रा."

तोवर मी त्यांच्यासाठी नेहमी 'लोहार' होते. मी मान हलवली. त्यांनी माझ्या कपाळावरचे केस बोटांनी मागे सारले, स्वतःच्या बोटांनी, आणि ते गंगावन माझ्या डोक्यावर गुंडाळून आकडे खोवायला लागल्या. ते कोमट होतं. कुणीतरी नुकतंच उठून गेलेल्या अंथरुणासारखं. जुन्या खोबरेल तेलाचा, घामाचा आणि अबोलीचा मिळून एक आंबूस वास त्याला होता. मला मळमळलं, आणि मळमळल्याची लाज वाटली. आरशात मुळाशी पांढरे बारीक कण दिसले, तिळाच्या कोंड्यासारखे. गजऱ्याचं काही असेल म्हणून मी एक नखानं काढायला गेले. तो निघाला नाही.

तालीम झकास झाली. खोपा हलला नाही. नंतर बाईंनी खोलीत नेऊन तो उतरवला, आपल्या डोक्याला लावला, गजरा माळला आणि आरशात बघून माझ्याकडे हसल्या. शाळाभर एवढ्या मुली, पण बाईंचं गुपित माझ्याकडे, या आनंदात मी उड्या मारत घरी आले.

रविवारी आईनं न्हाऊ घातलं आणि तिचा हात थांबला. तिनं मला उजेडात ओढलं, मान वाकवली, आणि पाठीत धपाटा घातला.

"कुणाच्या डोस्क्याला डोस्कं लावलंस गं?"

आईनं पुन्हा विचारलं, पुन्हा धपाटा घातला. एवढा डोळा जायची वेळ आली, एवढे केस बंबात घातले, आणि ही पोरगी सांगत का नाही, हे तिला समजेना. मी शब्द दिला होता. शिवाय माझ्या मनात वेगळीच भीती शिरली होती. मला वाटत होतं की आईची फणी चुकली, एखादी ऊ माझ्याकडे राहिलीच होती, आणि ती मी बाईंच्या गंगावनात सोडून आले. बाईंच्या डोक्यात. आईनं दुपारभर डोकं विंचरलं, मिळतील तेवढ्या मारल्या, पण लिखा कुठल्या एका दिवसात निघतायत.

सोमवारी सुई आली आणि थांबली.

मी मान वर करून बाईंकडे बघितलं. मला वाटलं होतं, त्यांच्या डोळ्यांत काहीतरी दिसेल. चल, तू आणि मी बघून घेऊ, असं काहीतरी. त्यांनी एक क्षण माझ्याकडे बघितलं आणि नजर वर्गाकडे वळवली.

"काही घरांत पाणी असतं, साबण असतो, सगळं असतं," त्या म्हणाल्या. आवाज धडा वाचतानाचाच होता, स्वच्छ आणि सावकाश. "फक्त सवय नसते. त्याला शाळा काय करणार?"

वर्ग हसला. दोनतीन जिभा 'टच्' करून वाजल्या. सुईनं मागचा बाक दाखवला आणि मग केतकी शहाणेला उभं केलं. फुगडी तू घालशील, बाईंनी तिला सांगितलं. केतकीचा बॉबकट होता. खोप्याचं मी बघते, म्हणाल्या, आणि सुई अंबाड्यात खोचली.

गॅदरिंगला आई आली. मी नको म्हणत होते, पण तिनं ऐकलं नाही. शाळेची वर्गणी भरलीय तर बघू तरी, म्हणाली. आम्ही मागं सतरंजीच्या कडेला बसलो. पुढच्या खुर्च्यांवर पाहुणे, त्यांच्या शेजारी निगडेबाई. त्या दिवशी त्यांनी डोक्यावरून पदर घेतला होता आणि तो सारखा सावरत होत्या.

"बाई किती घरंदाज आहेत बघ," आई कौतुकानं म्हणाली. "न्हाईतर ह्या शिकलेल्या बायका."

रंगमंचावर केतकी फुगडी घालत होती, तोल सांभाळत, हळूहळू. तिच्या डोक्यावर नारळाएवढा खोपा होता, वर अबोलीचा गजरा. माझ्या डोक्याला आतून मुंग्या आल्या. मला तिथून उठून केतकीला सांगावंसं वाटत होतं आणि काय सांगायचं ते कळत नव्हतं.

पुढचा सोमवार आला. मी मागच्या बाकावर होते आणि त्या बाकाची पाळी सगळ्यात शेवटी यायची, म्हणून मला बघायला वेळच वेळ होता. केतकी सकाळपासून कानामागे खाजवत होती. बाईंनी आधी फळ्यावर तारीख आणि वार लिहिला, मग अंबाड्यातून सुई काढली आणि पहिल्या रांगेपासून सुरुवात केली. एक डोकं झालं, दुसरं झालं. मधेच कुणीतरी खडू मागायला आलं. बाईंनी सुई अंबाड्यात खोचली, कपाटातून खडू काढून दिला, सुई अंबाड्यातून काढली आणि केतकीच्या भांगात घातली.

गेलं वर्षभर मी हे दर सोमवारी बघत आले होते.

शिवणाच्या खोलीतला आरसा आठवला. नखानं न निघालेला तो पांढरा कण आठवला, आणि मला एकदम कळलं की तो गजऱ्याचा नव्हता. आईची फणी चुकली नव्हती. त्या शनिवारी माझं डोकं स्वच्छ होतं.

सुई केतकीच्या कानामागे गेली. तिच्या पांढऱ्या कॉलरवर एक ऊ चालत होती, चांगली पोसलेली, राखाडी. मागच्या बाकावरून ती पांढऱ्यावर हलणाऱ्या ठिपक्याएवढीच दिसत होती, पण मला ओळखायला तेवढं पुरे होतं. बाईंचं नाक तिच्यापासून वीतभर होतं. बाईंनी ती बघितली. सुई थबकली. मग फिरली.

"छान," बाई म्हणाल्या.

मी उठले. परवानगी विचारली नाही. दोन रांगांमधून चालत केतकीच्या बाकाशी गेले. ती दचकून मागं सरली, पण तोवर मी तिच्या कॉलरवरची ऊ चिमटीत धरली होती. बोटांत ती वळवळत होती. बाईंच्या टेबलावर आम्ही मुलींनीच विणलेला पांढरा क्रोशाचा रुमाल होता. मी चिमूट सोडली. ऊ पांढऱ्या दोऱ्यांवरून चालायला लागली, सावकाश, तिला कसलीच घाई नव्हती.

"बाई," मी म्हटलं, "ही तुमची आहे."

मी मोठ्यानं बोलले नव्हते. पुढच्या बाकावरच्यांनी ऐकलं असेल किंवा नसेल. बाईंचा हात आपोआप अंबाड्याकडे गेला आणि अर्ध्या वाटेवर थांबला. चेहरा आधी लाल झाला, मग मातीसारखा. त्या ओरडतील, छडी काढतील, मुख्याध्यापिकांकडे नेतील, आईला बोलावतील, असं सगळं माझ्या डोळ्यांसमोरून गेलं.

त्यांनी यातलं काही केलं नाही. अंगठ्याचं नख त्या उवेवर ठेवलं आणि दाबलं. टच्. ज्या बाई कुणाच्या डोक्याला हात लावत नव्हत्या, त्यांच्या नखाइतकं सराईत नख माझ्या आईचंही नव्हतं. रुमालावर लाल ठिपका उरला. बाईंनी अंगठा पदराला पुसला.

"जाग्यावर बस," त्या म्हणाल्या.

"कुठल्या?"

त्यांनी ठिपका आत घेऊन रुमालाची घडी घातली. मी मागं जाऊन दप्तर आणलं आणि केतकीच्या शेजारी बसले. तिनं सरकून जागा दिली. दोघीही खाजवत होतो.

त्यानंतर दहावीपर्यंत माझ्या डोक्यात कधी ऊ सापडली नाही. असायच्या. एकदा तर इतक्या होत्या की माझ्या मलाच रात्री झोप लागत नव्हती, तरी सोमवारी सुई माझ्या डोक्यावरून अलगद फिरायची आणि बाई 'छान' म्हणायच्या. मागच्या बाकावर दुसऱ्या मुली बसत राहिल्या. तो शब्द ऐकताना दरवेळी मला ते गंगावन आठवायचं, कोमट, आणि तोंडाला पाणी सुटायचं, ओकारीच्या आधी सुटतं तसं. बाईंनी शिकवलेल्या कविता मला अजून पाठ आहेत. त्या म्हणताना अजून तेच होतं.

गेल्या आठवड्यात माझी ओवी पहिलीतून डोकं खाजवत आली. वर्गातल्या कितीतरी मुलींना झाल्यात म्हणे. धाकटा झोपला तेवढ्यात मी तिला खिडकीशी मांडीत घेतलं, पंचा अंथरला आणि विंचरायला बसले. पहिली ऊ पडली तेव्हा माझ्या मानेवरून शहारा गेला. मी ती मारली. केस बाजूला करून बघायला दोन्ही हात लागत होते, म्हणून मी फणी माझ्या अंबाड्यात खोचली.

ओवीनं मान वळवून बघितलं.

"आई, तुझ्यात पण जातील ना गं."

माझा हात फणीकडे गेला होता. मी तो परत तिच्या केसांत घातला.

"जाऊ देत."

"मग शाळेत काय सांगायचं?"

"सांगायचं, माझ्या आईच्या डोक्यातनं आल्या," मी म्हटलं. "मान खाली घाल बघू, बाळा."